सर्व्हरच्या कंट्रोलरचा इशारा : घाबरू नका, पण गाफीलही राहू नका

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कापड बाजारात लाल कापडात बांधलेल्या वह्या आता क्वचितच दिसतात. ग्रे कापडाची खरेदी, सायझिंगची बिले, प्रोसेस हाऊसकडे गेलेला माल, कारखानदारांची देणी, जीएसटीची विवरणपत्रे, हे सर्व आज संगणकात असते. मोठ्या पेढ्यांनी तर दोन-तीन सर्व्हर एकत्र जोडून त्यांचा समूह केला आहे. एखादे दिवशी पडद्यावर पिवळा त्रिकोण येतो आणि स्टोअरेज कंट्रोलरबाबत इशारा दिसतो. काम तर चालू असते, म्हणून कारकून ती खिडकी बंद करतो आणि मालकाला सांगतही नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी सर्व काम ठप्प होते तेव्हा शोधाशोध सुरू होते.

हा इशारा म्हणजे नेमके काय, तो कशामुळे येतो आणि त्या वेळी कोणत्या क्रमाने काय करावे, याची माहिती व्यापारी बंधूंना व्हावी म्हणून हा लेख आहे. मालकाने स्वतः पेचकस घेऊन बसावे असे आमचे म्हणणे नाही. पण इंजिनीअर आल्यावर त्याला योग्य प्रश्न विचारता येतील, एवढी समज मालकाला असलीच पाहिजे.

हिशेब ही अमानत आहे

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा स्पष्ट आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ही सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे, यावरून हिशेबाचे महत्त्व ध्यानात यावे. आपल्या संगणकात केवळ आपला नफा-तोटा नसतो. विणकराची मजुरी, दलालाची दलाली आणि लहान कारखानदाराचे येणे हेही त्यातच असते.

कायद्याचे बंधनही आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. सूक्ष्म व लघु उत्पादकांची देणी ठरल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिली नाहीत तर ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, ही आयकराची तरतूद २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून लागू झाली. मालाची आणि बिलाची तारीखच हरवली तर हे ४५ दिवस मोजणार कोठून? प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना तर ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीपासून हिशेबाची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे.

एका यंत्रात अनेक यंत्रे

पूर्वी हिशेबाला एक संगणक, बिलिंगला दुसरा आणि गोदामाला तिसरा अशी पद्धत होती. आता एका दणकट सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरच्या मदतीने पाच-दहा आभासी संगणक चालविले जातात. एका मोठ्या गाळ्यात पार्टिशन टाकून अनेक दुकाने काढावीत तसे हे आहे. हे पार्टिशन टाकणारे सॉफ्टवेअर व्हीएमवेअर, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स असते. असे दोन-तीन सर्व्हर जोडले म्हणजे समूह, अर्थात क्लस्टर तयार होतो. एक सर्व्हर बंद पडला तर त्यातील दुकाने दुसऱ्या सर्व्हरवर उघडतात.

या सर्व दुकानांचा माल मात्र डिस्कमध्येच असतो. डिस्क आणि सर्व्हर यांच्यामध्ये जे कार्ड बसते ते स्टोअरेज कंट्रोलर. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक नग त्याच्या हातून जातो. वखारीच्या दारात बसलेला हा हमालांचा मुकादमच समजा. कोणता नग कोणत्या थप्पीवर ठेवायचा, एका नगाची दुसरी प्रत कोठे ठेवायची, हे तो ठरवितो.

अनेक स्वस्त डिस्का एकत्र करून एक भरवशाची डिस्क बनविण्याची पद्धत १९८८ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी आपल्या निबंधात मांडली. तिला रेड म्हणतात. नाव ऐकून दचकू नये, ही आयकर खात्याची धाड नव्हे! या पद्धतीत एखादी डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. मात्र ही सोय डिस्क बिघडण्यापुरती आहे. चुकून पुसलेली नोंद, आग, चोरी किंवा खंडणीखोर व्हायरस यांच्यापुढे तिचा काही उपयोग नाही.

इशारे मुख्यतः पाच प्रकारचे

पहिला, बॅटरीचा इशारा. कुशल मुनीम गर्दीच्या वेळी आधी कच्च्या वहीत टिपतो आणि सवडीने पक्क्या खतावणीत उतरवितो. कंट्रोलरही तेच करतो. माहिती आधी आपल्या वेगवान मेमरीत घेतो, "झाले" असे सांगतो आणि मग डिस्कवर लिहितो. यामुळे काम झपाट्याने होते. पण मध्येच वीज गेली तर ही कच्ची वही कोरी होऊ नये म्हणून कार्डावर बॅटरी किंवा तत्सम साधन असते. बॅटरी म्हातारी झाली की कंट्रोलर कच्ची वही बंद करतो आणि प्रत्येक नोंद थेट खतावणीत लिहू लागतो. माहिती सुरक्षित राहते, पण सर्व्हर एकाएकी मंद होतो. "कालपासून बिल निघायला वेळ लागतो" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

काही कार्डे ठरावीक काळाने बॅटरीची स्वतःच चाचणी घेतात. त्या काळात आलेला इशारा चाचणी संपल्यावर आपोआप जातो. दुसऱ्या दिवशीही तो कायम असेल तर बॅटरी बदलावी. वेग परत मिळावा म्हणून बॅटरी नसतानाही कच्ची वही जबरदस्तीने चालू ठेवण्याची सोय काही कार्डांत असते. ती वापरू नये. यंत्रमागाच्या गावांत विजेचे काय हाल असतात ते वेगळे सांगायला नको.

दुसरा, डिस्क बिघडण्याचा पूर्वइशारा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे महत्त्वाचे. पाचवा आकडा म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, १९७ म्हणजे संशयित जागा आणि १९८ म्हणजे न वाचता आलेल्या जागा. हे आकडे आठवड्यागणिक वाढत असतील तर डिस्क चालू असतानाच बदलावी. फाटत चाललेला ताका पूर्ण फाटेपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण नाही.

तिसरा, केबलचा इशारा. साटा डिस्कच्या नोंदीत १९९ क्रमांकाचा आकडा असतो. वर सांगितलेले तीन आकडे स्थिर आहेत आणि फक्त १९९ वाढत आहे, असे दिसले तर डिस्क बहुधा चांगली असते. दोष केबलचा, सॉकेटचा किंवा ज्या पाटीवर डिस्क बसते तिचा असतो. अशा वेळी डिस्क बदलून पैसे वाया जातात आणि इशारा मात्र तसाच राहतो.

चौथा, फर्मवेअर व ड्रायव्हरचा इशारा. कार्डाच्या आतील सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर आणि सर्व्हरकडून त्याच्याशी बोलणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. दोघांची जोडी जुळली पाहिजे. व्हीएमवेअरच्या व्हीसॅन पद्धतीत कंपनीने तपासून मान्य केलेल्या जोड्यांची यादी असते आणि तुमची जोडी त्या यादीत नसेल तर पिवळा त्रिकोण दिसतो. कधी कधी सर्व्हरकडे असलेली यादीच जुनी झालेली असते, तेव्हाही इशारा येतो. म्हणून आधी यादी ताजी करून पाहावी, मग यंत्राला हात लावावा.

पाचवा, उशिराचा इशारा. डिस्ककडून उत्तर यायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत आहे, असे सर्व्हर सांगतो. हा इशारा सर्वांत फसवा. कारण तो स्वतः आजार नसून आजाराचे लक्षण आहे. मुळाशी वरील चारपैकी काहीही असू शकते, किंवा कंट्रोलरची रांग अपुरी असू शकते.

रांगेचा प्रश्न : २०१४ चे प्रकरण

रांग म्हणजे काय ते एका खऱ्या प्रकरणावरून समजेल. व्हीएमवेअरने व्हीसॅन मार्च २०१४ मध्ये बाजारात आणले. यात प्रत्येक सर्व्हरमधील डिस्का मिळून सामाईक वखार बनते. एखादा सर्व्हर समूहातून नाहीसा झाला तर व्हीसॅन साधारण ६० मिनिटे वाट पाहते आणि मग त्यावरील माहितीच्या नव्या प्रती उरलेल्या सर्व्हरांवर बनवू लागते.

त्या वेळी डेल कंपनीचे पर्क एच३१० हे स्वस्त कार्ड मान्य यादीत होते. या कार्डाच्या दारात एका वेळी केवळ २५ कामे उभी राहू शकत. रोजच्या कामाला तेवढे पुरत असे. पण नव्या प्रती बनविण्याचे काम सुरू झाले की लाखो नग एकदम दाराशी येतात. २०१४ च्या मध्यात एका ग्राहकाच्या समूहात नेमके हेच घडले. प्रती बनविण्याच्या गर्दीत रोजचे काम अडकले आणि सर्व आभासी संगणक गुदमरले. यानंतर व्हीएमवेअरने कमी रांगेची कार्डे यादीतून काढून टाकली. किमान २५६ ची रांग हवी, असा दंडक पडला.

यातील मौजेची गोष्ट अशी की एच३१० वरील चिप एलएसआय कंपनीची होती आणि तीच चिप एलएसआयच्या स्वतःच्या कार्डावर ६०० ची रांग सांभाळत होती. कापड एकाच गिरणीचे, पण छाप आणि फिनिशिंग निराळे! फरक होता फर्मवेअरचा. ही एलएसआय मे २०१४ मध्ये अवागो कंपनीने घेतली, अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव धारण केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरही ब्रॉडकॉमकडे गेली. तेव्हा कार्डावर नाव कोणाचे आहे यापेक्षा आत चिप आणि फर्मवेअर कोणते आहे, हे विचारावे.

या प्रकरणाचा बोध असा की कंट्रोलरची परीक्षा रोजच्या कामात होत नाही, संकटाच्या वेळी होते. लग्नसराईत ज्याची वखार कोलमडते त्याची वखार मुळातच लहान होती.

एकाच दिवशी खरेदी, एकाच दिवशी अंत

दुसरे प्रकरण फर्मवेअरचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना कळविले की तिच्या काही एसएसडी डिस्का चालू होऊन ३२,७६८ तास झाले की कायमच्या बंद पडतील आणि त्यातील माहितीही परत मिळणार नाही. हे तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. फर्मवेअरमध्ये तास मोजण्याची चूक हे याचे कारण. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही डिस्कांबद्दल ४०,००० तासांची अशीच सूचना निघाली. दोन्ही वेळा उपाय एकच होता, मुदतीपूर्वी नवे फर्मवेअर टाकणे.

आता विचार करा. आपण सर्व्हर घेतो तेव्हा सर्व डिस्का एकाच दिवशी बसवितो. त्यांचे तासही बरोबरच भरणार. एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळील, हा रेडचा हिशेब येथे चालत नाही, कारण सगळ्या बरोबरच जाणार. म्हणून "चालू आहे तोवर हात लावू नका" ही आपल्या बाजारातील समजूत फर्मवेअरच्या बाबतीत नुकसानीची ठरते. वर्षातून दोनदा तरी कंपनीच्या सूचना वाचून घ्याव्यात.

दोष कोठे आहे ते कसे ओळखावे?

इशारा आल्यावर सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा : त्रास किती जणांना आहे?

फक्त एका आभासी संगणकाला त्रास असेल, तर दोष बहुधा त्याच्या आतच असतो. त्याचा ड्रायव्हर जुना असेल, किंवा महिनोन्‌महिने न काढलेला स्नॅपशॉट त्याला ओढत असेल.

एका सर्व्हरवरील सर्व आभासी संगणकांना त्रास असेल आणि शेजारचा सर्व्हर ठीक असेल, तर त्या सर्व्हरचा कंट्रोलर, बॅटरी, डिस्क किंवा केबल पाहावी.

सर्वच सर्व्हरांना एकदम त्रास असेल, तर सामाईक गोष्ट शोधावी. नेटवर्कचा स्विच, सामाईक डिस्कांची पेटी, भरत आलेली जागा किंवा नुकतेच सगळीकडे टाकलेले एखादे अपडेट.

विंडोजच्या नोंदवहीत ११, १२९ व १५३ या क्रमांकांच्या नोंदी दिसतात. ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे पुन्हा सुरुवात करावी लागली आणि १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करावे लागले. मात्र आभासी संगणकातील कंट्रोलरही आभासीच असतो. तो बदलून काही होत नाही. या नोंदींची वेळ पाहावी आणि त्याच वेळी खालच्या खऱ्या सर्व्हरच्या नोंदीत काय आहे ते ताडून पाहावे. वेळा जुळल्या की चोर सापडला. यासाठी सर्व सर्व्हरांची घड्याळे मात्र एकसारखी हवीत.

कोणत्या क्रमाने काय करावे?

१. इशाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत किंवा फोटो घ्यावा. खिडकी बंद करण्याची घाई करू नये.

२. शेवटचा बॅकअप केव्हा झाला ते पाहावे आणि त्यातील एक फाइल खरोखर उघडून पाहावी. याआधी दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

३. वर सांगितल्याप्रमाणे त्रास कोणाकोणाला आहे ते ठरवावे.

४. कंट्रोलरच्या स्वतःच्या साधनातून त्याची नोंद काढावी. बॅटरी, डिस्का आणि फर्मवेअर यांची स्थिती तेथे कळते.

५. एका वेळी एकच बदल करावा. केबल, ड्रायव्हर आणि डिस्क एकदम बदलल्यास गुण कशाने आला ते कळत नाही.

६. समूहात एका वेळी एकच सर्व्हर दुरुस्तीला काढावा. त्यावरील आभासी संगणक आधी दुसरीकडे हलवावेत. काम झाल्यावर प्रतींचे जुळवून घेणे पूर्ण होऊ द्यावे आणि मगच दुसऱ्या सर्व्हरला हात लावावा.

७. दुरुस्तीनंतर आठवडाभर तोच इशारा पुन्हा येतो का, ते पाहावे.

या चुका टाळाव्यात

डिस्क बदलताना चुकीची डिस्क ओढली जाणे ही नेहमीची आपत्ती आहे. कंट्रोलरमधून त्या डिस्कचा दिवा लुकलुकता करून खात्री करता येते. ती केल्याशिवाय हात घालू नये.

डिस्का एका सर्व्हरमधून दुसऱ्यात नेल्या की कंट्रोलर "परकी रचना सापडली" असे सांगतो आणि ती आत घ्यावी की पुसावी असे विचारतो. येथे पुसण्याचे बटण दाबले गेले तर पेढीचा हिशेब गेलाच समजा. अशा वेळी थांबावे आणि जाणकाराला विचारावे.

मोठ्या डिस्कांवर रेड ५ च्या भरवशावर राहू नये. साध्या डिस्कांच्या कागदपत्रांत दर १०० लाख कोटी बिटांमागे एक न वाचता येणारी जागा असू शकते असे लिहिलेले असते. हा हिशेब १२.५ टेराबाइटला एक असा पडतो. एक डिस्क गेल्यावर उरलेल्या डिस्का पूर्ण वाचाव्या लागतात, आणि त्या मोठ्या असतील तर नेमक्या त्याच वेळी दुसरा दोष उघड होण्याचा धोका असतो. रेड ६ किंवा १० ला एखादी डिस्क जास्त लागते, पण झोप शांत लागते.

प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस वापरायचे असेल तर मध्ये रेड कंट्रोलर ठेवू नये. डिस्का सरळ दिसू देणारे साधे कार्ड वापरावे. एका वखारीला दोन मुकादम असले की भांडण ठरलेले.

जुने सर्व्हर स्वस्तात घेण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यात गैर काही नाही, पण कार्ड कोणते ते पाहून घ्यावे. एप्रिल २०२० च्या व्हीएमवेअर ७ पासून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकले गेले आणि अनेक जुनी कार्डे त्यात चालेनाशी झाली. त्या आवृत्तीचीही सर्वसाधारण देखभाल २ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांच्याकडे ती अजून चालू आहे त्यांनी पुढचा निर्णय लवकर घ्यावा.

देखभालीचा करार करताना

कंत्राटदाराशी करार करताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. इशारा आल्यावर तो ई-मेल किंवा मोबाइलवर मालकाकडे थेट येईल काय? जोडीची डिस्क आणि बॅटरी किती तासांत मिळेल? फर्मवेअर वर्षातून किती वेळा तपासले जाईल? बॅकअप परत उतरवून पाहण्याची चाचणी केव्हा होईल? तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर आणि एक पेढीच्या बाहेर, हा बॅकअपचा साधा नियम आहे. बाहेरची प्रत नेटवर्कपासून तुटलेली असावी, म्हणजे व्हायरसचा हात तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

आधी उंट बांधावा आणि मग तवक्कल करावा, ही शिकवण आपल्या सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. एका डिस्कची किंवा बॅटरीची किंमत एका गाठीच्या मालाइतकीही नसते. हरवलेल्या हिशेबाची किंमत मात्र करता येत नाही, कारण त्यात दुसऱ्यांचे हक्क गुंतलेले असतात. तेव्हा उद्या पेढी उघडल्यावर आपल्या माणसाला दोन प्रश्न अवश्य विचारा : सर्व्हरवर एखादा इशारा पडून आहे काय? आणि कालचा बॅकअप उघडून पाहिला काय? उत्तर समाधानकारक मिळाले तर अल्हम्दुलिल्लाह. न मिळाले तर आजच कामाला लागावे.